सपाट लोखंड

ज्या घरांत पाटावरवंटा अद्याप वापरांत आहे, त्या घरांतील गृहिणीला एक गोष्ट कोणी न सांगतां ठाऊक असते. पाटा विकत आणला तेव्हां तो वरून सपाट होता. वर्षानुवर्षें त्यावर मिरची आणि खोबरें वाटलें गेल्यावर तो मध्यें खोलगट झाला, आणि त्याच काळांत वरवंटाहि अशा बेतानें झिजला कीं, तो त्या खोलीवर नेमका बसतो. नवा वरवंटा जुन्या पाट्यावर नीट चालत नाहीं. जुन्या जोडीचें मात्र कसें अगदीं जमलेलें असतें. तथापि त्या जोडींतील पाटाहि सपाट नसतो आणि वरवंटाहि नसतो. दोन पृष्ठें एकमेकांवर घासलीं असतां तीं एकमेकांना अनुरूप होतात. तीं सपाट होतात असें नव्हे. लोखंड सपाट करूं पाहणाऱ्या माणसाची सारी अडचण येथेंच आहे.

शाळेंतील भूमितींत समपातळी दोन ओळींत सांगून होते. लोखंडाचा तुकडा हातीं घेऊन बसलेल्या माणसाला मात्र ती इतक्या स्वस्तांत मिळत नाहीं. तुकडा टेबलावर घासावा, तर टेबल सपाट आहे कशावरून? त्यावर पट्टी धरून पाहावें, तर पट्टी सरळ आहे कशावरून? कारखान्यांतील यंत्रावर ताशून आणावा, तर त्या यंत्राच्या ज्या सरकपट्ट्यांवरून हत्यार पुढें मागें जातें, त्या सपाट आहेत कशावरून? यंत्र आपल्या अंगचा दोष आपल्या कामांत उतरवीत असतें. मग जगांतील पहिली सपाटी आली कोठून? ती एखाद्या थोरल्या यंत्रांतून आली नाहीं. ती हातांतून आली. आणि ज्या हत्यारांनीं ती आली, तीं आजहि घरच्या बांकावर मावण्यासारखीं आहेत.

घरीं छोटासा लेथ ठेवून इंजिनांच्या लहान प्रतिकृति करणारे हौशी लोक इंग्लंडांत पुष्कळ. त्यांच्यासाठीं पर्सिव्हल मार्शल यानें १८९८ सालीं ‘मॉडेल एंजिनिअर’ हें नियतकालिक सुरू केलें. आपल्याकडे ही हौस थोडी, परंतु मुंबईंत नागदेवीच्या बाजारांत कानशी पारखून घेणाऱ्यांत कारखान्याचा फिटर तेवढाच असतो असें नाहीं. अशा हौशी गृहस्थाला प्रथम शिकावी लागते ती कानस. आणि कानस हें दिसतें तितकें सोपें हत्यार नव्हे.

नवशिक्यानें कानशीनें घासलेला तुकडा पाहिला, तर तो बहुधा कासवाच्या पाठीसारखा निघतो. कडा उतरलेल्या आणि मध्य उंच. याला आळस कारण नसून तरफेचा नियम कारण आहे. कानस पुढें लोटण्यास आरंभ होतो, तेव्हां तिचें टोंक तेवढें कामावर असतें आणि बाकीची लांबी मुठीच्या बाजूला अधांतरीं असते. त्या वेळीं दोन्ही हातांनीं सारखाच दाब दिला, तर मूठ खालीं जाते आणि अलीकडची कड खाल्ली जाते. लोट संपत येतो तेव्हां उलट घडतें. टोंक पलीकडे दूर गेलेलें असतें, डाव्या हाताची तरफ लांबलेली असते आणि पलीकडची कड खाल्ली जाते. म्हणून आरंभीं डाव्या हाताचा दाब अधिक, मध्यावर दोहोंचा सारखा, शेवटीं उजव्याचा अधिक, असा पालट प्रत्येक लोटागणिक करावा लागतो. असा लोट तासाभरांत शेंकडों वेळां होतो. हें मनांत मोजून कोणालाहि साधत नाहीं; तें कोंपरांत आणि खांद्यांत मुरावें लागतें. त्यासाठींच काम पकडणारा व्हाइस कोंपराच्या उंचीवर बसवावा, डावा पाय पुढें टाकावा, आणि अंग कानशीबरोबर किंचित् पुढें जाऊं द्यावें, असें उस्ताद लोक सांगत आले आहेत.

चांगली चपटी कानस डोळ्यापुढें आडवी धरली, तर तिचें पोट किंचित् फुगीर दिसतें. अननुभवी गिऱ्हाईक तीच खोड समजून ती परत करतो. वास्तविक तो फुगवटा मुद्दाम ठेवलेला असतो. कानस अगदीं सरळ असती, तर कामाच्या नेमक्या मध्यभागींचा उंचवटा तेवढा काढणें अशक्य झालें असतें. दुसरी एक गोष्ट अशी कीं, कानशीचे दांते पुढें जातांनाच कापतात. परततांना दाब ठेवला, तर लोखंड कापलें जात नाहीं, दांते मात्र बोथटतात. नवी कानस प्रथम पितळेवर चालवून मग लोखंडाला लावावी. कारण लोखंडावर एकदां मळलेली कानस पितळेला नीट धरत नाहीं. बिडाच्या ओतीव तुकड्याची वरची साल तर इतकी कठीण असते कीं, नवी कानस तिच्यावर घालणें म्हणजे ती फुकट घालविणें होय. ती साल जुन्या कानशीनें अथवा छिन्नीनें काढावी. दांत्यांत अडकलेला एखादा कण कामावर खोल ओरखडा पाडतो. त्याला उपाय तारेचा ब्रश, आणि शेवटच्या हातांत कानशीवर चोळलेला साधा पांढरा खडू.

इतकें सगळें साधलेला कुशल फिटर निव्वळ कानशीनें इंचाच्या एक-दोन सहस्रांशांपर्यंत पोहोंचतो. माणसाचा केंस सुमारें तीन सहस्रांश जाड असतो, हें लक्षांत घेतलें म्हणजे ही मजल लहान नव्हे हें कळतें. परंतु येथें कानशीची हद्द संपते. कारण तिचे शेंकडों दांते एकाच वेळीं रुंद पट्टा कापतात. हाच एक ठिपका काढ आणि शेजारचा सोड, असें तिला सांगतां येत नाहीं. तें काम स्क्रेपरचें.

स्क्रेपर म्हणजे खरवडण्याचें हत्यार. जुनी चपटी कानस घेऊन तिच्या टोंकाचे दांते घासून टाकावे, टोंकाला अल्पशी गोलाई द्यावी, आणि दगडावर धार लावावी, कीं स्क्रेपर झाला. आज टोंकाला कार्बाइडचा तुकडा जोडलेले स्क्रेपर मिळतात व त्यांची धार पुष्कळ टिकते. बीड खरवडतांना हें हत्यार कामाशीं तिरकें धरून पुढें ढकलावयाचें. एक खेप फार तर अर्ध्या इंचाची. प्रत्येक खेपेला निघणारा थर इंचाच्या एका सहस्रांशाहून पुष्कळ पातळ असतो. निघतो तो कीस नव्हे, बोटाला काळसर लागणारी भुकटी असते.

पण कोठें खरवडावें हें कसें कळावें? त्यासाठीं प्रमाण मानलेल्या सपाट पाटीवर तेलांत कालवलेला रंग बोटानें अगदीं पातळ पसरावयाचा, कामाचा तुकडा तिच्यावर पालथा ठेवून थोडा सरकवावयाचा, आणि उचलून पाहावयाचें. जो भाग उंच, त्यालाच रंग लागतो. जुने फिटर या कामीं गेरू किंवा शेंदूर वापरीत. शेंदूर दिसतो फार छान, परंतु तो शिशाचा क्षार आहे आणि शिसें पोटांत जाणें वाईट. मुलेंबाळें असलेल्या घरांत त्याचें नांव नको. प्रशियन ब्ल्यू हा निळा रंग तेंच काम निर्धास्तपणें करतो.

लागलेल्या रंगाची भाषाहि वाचावयास शिकावी लागते. अत्यंत उंच ठिपका निळा दिसत नाहीं. दाबानें त्यावरचा रंग बाजूस सारला जातो व तो मध्यें लखलखीत आणि भोंवतीं निळें कडें असा दिसतो. आधीं तो खरवडावा, मग निळे. पहिल्या वेळीं साऱ्या पृष्ठावर मिळून दोन-तीनच डाग उमटतात. ते काढले कीं पुढील खेपेस सहा-सात, मग वीस. प्रत्येक खेपेची दिशा आधीच्या खेपेला आडवी ठेवावी, नाहीं तर हत्यार आधीच्याच चऱ्यांवर थरथरूं लागतें आणि पृष्ठावर लाटा उठतात. प्रत्येक खेपेनंतर बारीक दगड हलकेंच फिरवून खरवडल्यानें उठलेली कोर मोडावी, पृष्ठ पुसावें, आणि शेवटीं उघडा तळहात फिरवावा. चिंधीनें न दिसलेला कण तळहाताला कळतो. एवढ्या एका कणानें तुकडा एका बाजूनें उचलला जातो, खोटेच डाग उमटतात, आणि त्या खोट्या डागांवर विश्वासून माणूस चांगल्या जागा खरवडून बसतो. काढलेलें लोखंड परत बसवितां येत नाहीं. चुकलेल्या एका खेपेची भरपाई म्हणजे बाकीचें सारें पृष्ठ तितकेंच खालीं उतरविणें.

या धंद्यांत स्वतःची फसवणूक करण्याचा सोपा मार्गहि आहे. रंग भरपूर लावावा. मग एका खेपेंत चोहोंकडे निळेंच निळें दिसूं लागतें आणि काम झालें असें समाधान वाटतें. ती सपाटी नव्हे, तो रंग होय. काम जसजसें पुढें जाईल, तसतसा रंगाचा थर पातळ करीत जावयास पाहिजे, म्हणजे परीक्षा उत्तरोत्तर कठीण होत जाते.

आतां मूळ प्रश्न शिल्लक राहतो. प्रमाण मानलेली ती पाटी कोणी सपाट केली? लंडनमध्यें हेन्री मॉडस्ले याच्या कारखान्यांत कारागिरांच्या बांकांवर अशा पाट्या असत आणि त्यांवर काम तपासून पाहण्याची शिस्त होती. तेथें १८२५ सालीं जोझेफ व्हिटवर्थ नांवाचा तरुण कामगार लागला. त्याचा जन्म १८०३ सालीं स्टॉकपोर्ट येथें झाला होता. त्या काळीं पाट्या शेवटीं सपाट करीत त्या एकमेकींवर कुरुंदाची पूड घालून घासून. व्हिटवर्थला या रीतींतील खोट दिसली. पूड सगळीकडे सारखी पसरत नाहीं. जेथें ती सांठते तेथें अधिक कापते, आणि ती कोठें सांठावी यावर कारागिराचा हुकूम चालत नाहीं. शिवाय तिचे कण लोखंडांत रुतून बसतात आणि काम संपल्यावरहि झीज चालूच ठेवतात. उंच जागा तेवढीच शोधून ती हातानें खरवडणें हाच खरा मार्ग, असें त्याच्या मनानें घेतलें. त्याच्या चरित्रांत अशी हकीकत सांगतात कीं, शेजारच्या बांकावर हॅम्पसन नांवाचा यॉर्कशायरचा एक नामांकित कारागीर होता. त्याला हा विचार मुळींच होण्याजोगा वाटला नाहीं. व्हिटवर्थनें वाद घातला नाहीं. कारखान्याची वेळ संपल्यावर आपल्या बिऱ्हाडीं तो पाट्या खरवडीत राहिला, आणि एके दिवशीं हॅम्पसनला घरीं बोलावून त्यानें त्या त्याच्यापुढें ठेवल्या. हॅम्पसननें त्या तपासल्या आणि हार कबूल केली. मॉडस्लेच्या कारखान्याचें श्रेय किती आणि व्हिटवर्थचें किती, याबद्दल मागाहून पुष्कळ लिहिलें गेलें आहे. पण हकीकतींतील खोली कारखान्याची नाहीं, बिऱ्हाडाची आहे, एवढें घरच्या कारागिरानें ध्यानांत ठेवण्यासारखें आहे. पुढें १८३३ सालीं व्हिटवर्थनें मँचेस्टरला स्वतःचा कारखाना काढला, आणि १८४० सालीं ग्लासगो येथें ब्रिटिश असोसिएशनच्या अधिवेशनांत निबंध वाचून ही रीत जगापुढें मांडली.

रीतीचें मर्म पाट्या दोन न घेतां तीन घेण्यांत आहे. त्यांना क, ख आणि ग म्हणावें. क ही तूर्त प्रमाण मानून ख आणि ग या दोन्ही तिच्याशीं जुळेपर्यंत खरवडाव्या. समजा क मध्यें फुगीर आहे. तर आतां ख आणि ग दोन्ही सारख्याच खोलगट झाल्या असतील. पाटा आणि वरवंटा यांची येथवर ताटातूट होत नाहीं, दोष लपून राहतो. परंतु आतां ख आणि ग एकमेकींवर ठेवल्या, तर दोन पाटे समोरासमोर आले. त्या केवळ कडांवर टेकतात, मध्यें दुप्पट पोकळी राहते, आणि लपलेला दोष दुप्पट होऊन उघडा पडतो. मग तो दोहोंतून निम्मा निम्मा काढावयाचा. त्यानंतर ख प्रमाण मानून क तिच्याशीं जुळवावी, आणि क व ग यांची गांठ घालावी. असें फिरत राहावें. क ही खशीं, ख ही गशीं आणि ग ही कशीं, अशा तिन्ही जोड्या जुळल्या, कीं त्यांतील कोणतीहि फुगीर किंवा खोलगट असूं शकत नाहीं. तीन पाट्यांनीं एकमेकींची साक्ष काढली. बाहेरच्या कोणत्याहि सरळ वस्तूची गरज पडली नाहीं.

येथें मात्र एक मेख आहे, आणि पुस्तकांतून ती पुष्कळदां सुटते. पावसांत भिजून वाळलेली फळी जशी पिळली जाते, समोरासमोरचे दोन कोपरे उचललेले आणि दोन बसलेले, तसा पीळ तिन्ही पाट्यांत एकाच बाजूनें असेल, तर त्या एकमेकींवर बिनतक्रार बसतात. एकाच बाजूनें पिळलेल्या दोन पाट्या तोंडातोंडीं ठेवल्या असतां उंच कोपऱ्यासमोर नीच कोपराच येतो. तीन साक्षीदार संगनमतानें खोटें बोलतात. उपाय इतकाच कीं, वरची पाटी पाव फेऱ्यानें फिरवून पुन्हां ठेवावी. आतां उंच कोपऱ्यासमोर उंच कोपरा येतो आणि पाटी दोन कोपऱ्यांवर डुगडुगूं लागते. म्हणून पाट्या लांबट न घेतां चौरस घ्याव्या.

खऱ्या सपाट झालेल्या दोन पाट्यांचें वर्तन पाहण्यासारखें असतें. स्वच्छ व कोरड्या करून एक दुसरीवर अलगद ठेवली, तर ती मध्यें अडकलेल्या हवेच्या पातळ थरावर तरंगते आणि बोटाच्या धक्क्यानें सरकते. तीच दाबून सरकवीत बसविली, तर वरची उचलतांना खालचीहि तिच्याबरोबर उचलली जाते. १८५१ सालच्या लंडनच्या महाप्रदर्शनांत व्हिटवर्थनें इंचाच्या दशलक्षांशाचा फरक दाखविणारें मापनयंत्र मांडलें होतें. त्याचाहि आधार अशीं खरीं सपाट पृष्ठें हाच होता.

आज घरच्या कारागिराला तिन्ही पाट्या खरवडण्याची सक्ति नाहीं. ग्रॅनाइटच्या तयार सपाट पाट्या विकत मिळतात, आणि त्यांतील एक लहानशी आणली कीं प्रमाणाचा प्रश्न सुटतो. तरी ज्याला सवड आहे, त्यानें बिडाचे तीन तुकडे घेऊन ही रीत एकदां पुरी करावी. मात्र पहिल्या खेपेस चार इंच चौरसाहून मोठी पाटी घेणें ही हौस नव्हे, हट्ट आहे. तुकडे जुन्या बिडाचे असले तर उत्तम. ताज्या ओतीव बिडाच्या पोटांत ताण असतात. वरची साल काढली कीं ते सुटतात, आणि आज सपाट केलेलें पृष्ठ महिन्याभरानें वांकडें निघतें. पाटी तीनच बिंदूंवर टेकवावी, कारण चार पाय ठेवले तर त्यांतला एक नेहमीं अधांतरीं असतो आणि पाटी आपल्याच वजनानें वांकते. हाताच्या उष्णतेचाहि हिशेब ठेवावा लागतो. एक मीटर बीड तपमान एका अंशानें वाढल्यास मीटरच्या सुमारें अकरा दशलक्षांशांनीं लांबतें. नुसता तळवा एका बाजूस टेकून ठेवला, तर ती बाजू फुगते आणि रंग तिलाच लागतो. उन्हाची तिरीप पडणाऱ्या खिडकीखालीं हें काम करूं नये.

खरा मोह निराळाच असतो. गृहस्थानें स्वस्तांत मिळालेला जुना लेथ घरीं आणलेला असतो. त्याच्या बैठकीच्या पट्ट्या चाकाजवळ झिजलेल्या असतात, कारण बहुतेक सारें काम तेथेंच होत आलेलें असतें; त्यामुळें त्यावर कातलेला दांडा एका टोंकास एका जाडीचा तर दुसऱ्या टोंकास दुसऱ्या जाडीचा निघतो. चार पाट्या सपाट करतां आल्या कीं, आतां ही बैठकहि खरवडून काढूं, असें त्याला वाटूं लागतें. येथें हात आवरावा. लेथच्या पट्ट्या सपाट असून भागत नाहीं. त्या परस्परांना आणि मुख्य दांड्याच्या आंसाला समांतर असाव्या लागतात. शिवाय पट्ट्या जितक्या खालीं जातील तितकें त्यांवरून सरकणारें खोगीर खालीं उतरतें, आणि त्याला जोडलेल्या लांब स्क्रूशीं त्याची जुळणी बिघडते. बैठकीइतकी लांब सरळ पट्टी आणि प्रत्येक टप्प्याला माप घेण्याची साधनें हातीं आल्यावांचून ज्यानें स्क्रेपर लावला, त्यानें सुधारतां येण्याजोगें यंत्र मोडींत घालण्याजोगें केलें. आधीं लेथच्या आडव्या सरकेची छोटी पट्टी घ्यावी. ती सुटी काढून पाटीवर तपासतां येते, आणि बिघडलीच तर नवी करतां येते.

इतक्या घासाघिशीनंतर पृष्ठ आरशासारखें गुळगुळीत व्हावें अशी पाहुण्याची अपेक्षा असते. तसें होत नाहीं आणि होऊंहि नये. चांगल्या सरकपट्टीवर एका चौरस इंचांत वीसएक टेकण्याचे ठिपके असतात आणि त्यांच्या भोंवतीं डोळ्यांना जेमतेम जाणवणारे खळगे असतात. त्या खळग्यांत तेल राहतें. दोन आरशासारखीं पृष्ठें एकमेकांवरून सरकवूं गेल्यास तेल पिळून निघतें आणि तीं धरूं लागतात. खरवडलेलीं पृष्ठें सहज सरकतात. जात्याला टाकी लावण्यांत हेतु वेगळा, परंतु काम करणारें पृष्ठ गुळगुळीत नसावें हें ज्ञान तेथेंहि आहे. कांहीं कारखानदार तयार यंत्रावर स्क्रेपरनें चंद्रकोरीसारखी नक्षी उठवितात. ती पुष्कळदां निव्वळ शोभेची असते. नक्षी पाहून यंत्र घेणाऱ्यानें पट्टी लावूनहि पाहावें. मात्र अत्यंत सूक्ष्म काम करणाऱ्या यंत्रांच्या पट्ट्या आजहि माणसें हातानेंच खरवडतात. घासणाऱ्या चाकाची उष्णता आणि काम घट्ट आवळण्याचा ताण या दोहोंमुळें यंत्रावर काम वांकतें. स्क्रेपर ऊबहि आणीत नाहीं आणि कामाला आवळीतहि नाहीं.

तयार पाट्यांचा शेवटचा शत्रु आपल्याकडचा पावसाळा. मुंबईकोंकणच्या दमट हवेंत उघड्या बिडावर रात्रींतून गंज धरतो, आणि घामट बोटांचा ठसा तर दुसऱ्या दिवशीं तांबड्या अक्षरांत वाचतां येतो. म्हणून काम संपल्यावर रंग रॉकेलनें धुवावा, पृष्ठाला तेलाचा हात द्यावा, आणि प्रत्येक पाटीला तिचें स्वतंत्र लांकडी झांकण करावें. दोन पाट्या तोंडाला तोंड लावून कपाटांत ठेवूं नयेत. त्या महिन्यानें सुट्या करावयाच्या तर हातोडी घ्यावी लागते.